740 ओळींची फाइल

‘‘ताई, पैसे भरायच्या पानावर अजून जुनाच कोड चालतोय,’’ शेजारच्या टेबलावरचा मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी चहा बाजूला ठेवला आणि ग्रंटफाइल उघडली. 740 ओळी. सगळ्या माझ्याच कारकिर्दीत वाढलेल्या.

वेबसाइटसाठी लिहिलेली जावास्क्रिप्ट जशीच्या तशी लोकांपर्यंत जात नाही. आधी चुका तपासायच्या, वीस फाइली जोडून एक करायची, मग मोकळ्या जागा आणि टिपा गाळून ती आकसवायची. दिवसातून दहादा हे हाताने कोण करणार? बेन अल्मन यांनी केलेलं, 2012 मध्ये आलेलं ग्रंट हे साधन ही हमाली करतं. (नावाचा अर्थ डुकराचं गुरगुरणं, बोधचिन्हावर रानडुक्कर आहे.) तपासायला जेएसहिंट, जोडायला कॉनकॅट, आकसवायला अग्लिफाय, असे त्याचे ‘टास्क’. कुठून काय उचलायचं आणि कुठे ठेवायचं, ते आपण ग्रंटफाइलमध्ये लिहून द्यायचं.

या फाइलचं नाव पूर्वी नुसतं ‘ग्रंट डॉट जेएस’ होतं. विंडोजवर ‘ग्रंट’ टाइप केलं की टास्क राहायचे बाजूला, विंडोज ही फाइलच चालवायला धावायचं. 2013 मध्ये 0.4 आवृत्तीत नाव बदललं, तेव्हा ती कटकट मिटली.

माझी कटकटही नावाचीच निघाली. ओळ 112 वर ‘अग्लिफाय’चा एक भाग, ओळ 530 वर दुसरा. दुसरा कुणी घुसडला म्हणून तणतणत इतिहास काढला, तर मीच! जावास्क्रिप्टच्या एका ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा आलं की नंतरचं आधीच्याला गिळतं, आणि तोंडातून शब्द काढत नाही. पैशांच्या पानाची फाइल महिनाभर आकसवलीच जात नव्हती, आणि ग्रंट रोज हिरव्या अक्षरांत सांगत होतं, ‘डन, विदाउट एरर्स.’

मग ‘लोड-ग्रंट-कॉन्फिग’ हे प्लगइन घेतलं आणि ‘ग्रंट’ नावाचं फोल्डर केलं. त्यात प्रत्येक टास्कची वेगळी फाइल. फाइलचं नाव तेच टास्कचं नाव. कुठल्या टास्कमागून कुठला, ते ‘अलायसेस’ फाइलमध्ये. मूळ ग्रंटफाइल 14 ओळींवर आली. ‘‘आता एकाऐवजी नऊ फाइली उघडायच्या का?’’ असं एकाने कुरकुरत विचारलं. तीन-चारच टास्क असते, तर मी त्याचंच ऐकलं असतं.

आता नव्या कामाला आम्ही ग्रंट घेत नाही, पण हा प्रोजेक्ट अजून त्याच्यावरच चालतो. गेल्या आठवड्यात त्याच मुलाने फाँट हलवण्यासाठी ‘कॉपी’ची नवी फाइल बनवायला घेतली. ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने हात आवरला आणि मला हाक मारली.