इक्वलायझर: वाढवण्याआधी उतरवून पाहा

इक्वलायझेशन (आवाजातील खर्ज, मध्य आणि तार भागांचे प्रमाण कमीजास्त करणे) म्हणजे आवाज खुलवण्याची युक्ती, असा सर्रास समज आहे. मिक्सिंगमध्ये (वेगवेगळे ट्रॅक एकत्र मिसळताना) त्याचे मुख्य काम मात्र प्रत्येक आवाजाला जागा करून देणे हे असते. शाहू महाराजांच्या जन्मगावी, कसबा बावड्यात, 26 जूनच्या जयंतीसाठी घरच्या डिजिटल रेकॉर्डरवर पोवाडा मुद्रित केला, असे धरू. शाहिराचे शब्द पेटीखाली दबतात. हात आपसूक शाहिराचा आवाज वाढवण्याकडे जातो. मग पेटी फिकी वाटते, तीही वाढते, आणि एकूण पातळी शून्य डेसिबलला धडकून आवाज फाटतो. गटाच्या फोटोत मागचा दिसत नसेल तर पुढच्याला जरा सरकायला सांगतात. तसा पेटीचा 2,000 ते 4,000 हर्ट्झचा (सेकंदाला होणारी कंपने) पट्टा तीनेक डेसिबलने उतरवावा. व्यंजने स्पष्ट होतात ती मुख्यतः याच पट्ट्यात.

पेटी पातळ लागेल, हा आक्षेप रास्त आहे. एकटी ऐकली तर लागेलच. पण श्रोता ती एकटी ऐकत नाही, म्हणून निर्णय सगळे ट्रॅक चालू ठेवूनच घ्यावा. ‘वाढवल्यावर छान वाटले’ हा पुरावाही तपासावा, कारण जरा मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. पातळी सारखी करून पुन्हा ऐकावे. वाढवणे निषिद्ध नाही, झांजेला थोडी चमक जरूर द्यावी. मात्र माइकमध्ये जे आलेच नाही ते कोणतीही कळ आणू शकत नाही. तिथे माइक जवळ घेऊन पुन्हा गाऊन घेणेच बरे.