पवनचक्की कुणाची? ऊर्जा प्रकल्प आणि गावाचा वाटा

मागच्या व्याख्यानात आपण विजेच्या बिलातले वेगवेगळे आकार समजून घेतले. आज बिलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. वीज जिथं तयार होते, तिथल्या माणसांकडे.

आपल्याच देशातल्या वाऱ्यावर, उन्हावर आणि शेतातल्या काडीकचऱ्यावर वीज तयार व्हावी, बाहेरून तेल आणि कोळसा आणायला लागू नये, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असतं. पण प्रकल्प आपल्या शिवारात यायचा म्हटलं की चित्र बदलतं. मग दोन स्पष्टीकरणं ठरलेली असतात. एक म्हणजे ‘लोकांना कळत नाही, प्रबोधन करा’. दुसरं म्हणजे ‘लोकांना पैसे हवेत, दर वाढवून द्या’. आम्हांला ही दोन्ही स्पष्टीकरणं अपुरी वाटतात. लोक पाठिंबा कधी देतात आणि तो कधी काढून घेतात, हे तपासायचं असेल तर एक देश फार उपयोगी पडतो. तो म्हणजे डेन्मार्क. कारण तिथं एकाच समाजात दोन्ही गोष्टी घडल्या. वारा तोच, गावं तीच, पण पवनचक्कीचा मालक बदलला आणि गावाची भूमिकाही बदलली.

सुताराची पवनचक्की

1973 साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात केलेल्या तेलातून येत होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी घालावी लागली. अणुवीज केंद्रं उभारायची, हा सरकार आणि वीज कंपन्यांचा विचार होता. 1974 मध्ये त्याविरुद्ध एक नागरिक चळवळ उभी राहिली. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नव्हतं. मग वीज कुठून आणायची, याचंही उत्तर द्यायला हवं होतं.

ते उत्तर बऱ्याच अंशी खेड्यांतून आलं. जटलंडमधल्या रिसागेर नावाच्या एका सुतारानं सत्तरच्या दशकाच्या मध्यावर घरच्या कारखान्यात 22 किलोवॉटची पवनचक्की बनवली आणि थेट वीजजाळ्याला जोडली. ट्विंड इथल्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून 54 मीटर उंचीचा मनोरा उभा केला. 1978 मध्ये ती पवनचक्की फिरू लागली, तेव्हा ती जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी होती.

आता सुताराला हे जमलं कसं? त्याच्या मागे जवळजवळ ऐंशी वर्षांचं लोकशिक्षण होतं. डेन्मार्कमध्ये ‘लोकविद्यालयं’ असतात. शेतकऱ्यांच्या मुलांनी काही महिने तिथं राहायचं, व्याख्यानं ऐकायची, परीक्षा द्यायची नाही. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्याशी या कल्पनेचं नातं जवळचं आहे. अशाच एका लोकविद्यालयात, आस्कोव्ह या गावी, पॉल ला कूर या शिक्षकानं 1891 मध्ये वाऱ्यापासून वीज करायचे प्रयोग सुरू केले आणि पुढे खेड्यातल्या तरुणांना विजेचं काम शिकवलं. त्यांच्यातलाच एक विद्यार्थी योहानेस युल. त्यानं 1957 मध्ये गेडसर इथं 200 किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली, आणि ती जवळपास दहा वर्षं चालली. रिसागेरच्या डोळ्यांसमोर तो नमुना होता. म्हणजे पवनचक्की परकी वस्तू म्हणून गावात आली नाही. तिचं ज्ञान आधीच गावात मुरलेलं होतं.

मंडळ कसं चालायचं

1979 मध्ये सरकारनं पवनचक्कीच्या खर्चाच्या 30 टक्के अनुदान सुरू केलं. पण एकट्यादुकट्याला उरलेली रक्कमही झेपणारी नव्हती. म्हणून शेजारीपाजारी एकत्र येऊन मंडळं काढू लागले. त्यांचा हिशेब साधा होता, तो आपण नीट बघू.

एक भाग म्हणजे वर्षाला साधारण 1000 युनिट वीज. ज्याच्या घरी वर्षाला चार हजार युनिट लागतात, त्यानं चार-पाच भाग घ्यायचे. वीज जाळ्यात जायची, पैसे भागांच्या प्रमाणात वाटले जायचे. दोन अटी महत्त्वाच्या होत्या. भागधारक पवनचक्कीच्या आसपास राहणारा हवा, आणि त्याचे भाग त्याच्या घरच्या वापराच्या प्रमाणात हवेत. म्हणजे दूर शहरातल्या धनिकानं पन्नास पवनचक्क्या विकत घ्याव्यात, ही वाटच बंद होती. शिवाय मंडळाच्या नावावर कर्ज काढायचं नाही, असाही नियम मंडळं करत. ज्याला कर्ज हवं त्यानं आपल्या भागापुरतं स्वतः बँकेतून घ्यावं.

याचा परिणाम असा झाला की पवनचक्की फिरताना जो आवाज यायचा, तो भागधारकाला उत्पन्नाचा आवाज वाटायचा. आपल्याकडे म्हणतातच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. 2000 च्या सुमारास एक लाखाहून जास्त डॅनिश कुटुंबांचे पवनचक्क्यांत भाग होते.

यातून फक्त पैसा आला असं नाही, निर्णयही आला. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळचा मिडलग्रुंडेनचा प्रकल्प बघा. पहिल्या आराखड्यात तीन रांगांत 27 पवनचक्क्या होत्या. जाहीर सुनावण्यांत लोकांनी आक्षेप घेतले. शहरातून दिसणारं समुद्राचं दृश्य बिघडेल, हा त्यातला एक. मग आराखडा बदलला आणि कमानीसारख्या एकाच वक्र रेषेत 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या दहा शहराच्या वीज कंपनीच्या आणि दहा नागरिकांच्या सहकारी मंडळाच्या. मंडळाचे 40,500 भाग होते आणि साडेआठ हजारांच्या आसपास सभासद. सात पवनचक्क्या कमी झाल्या, पण प्रकल्प मार्गी लागला. सुनावणीनंतर आराखडा खरोखर बदलू शकतो हे दिसलं, म्हणून त्या सुनावणीला अर्थ होता.

साम्सो बेटाची गोष्ट

याच काळात साम्सो या बेटाचं नाव पुढं आलं. चारेक हजार वस्ती, मुख्य धंदा शेती, बटाटे आणि स्ट्रॉबेरी. 1997 मध्ये सरकारनं बेटांसाठी एक स्पर्धा ठेवली: दहा वर्षांत, उपलब्ध तंत्रज्ञान वापरून, पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर यायचा आराखडा द्या. साम्सो जिंकलं. पण बक्षीस म्हणून पैशांची थैली मिळाली नव्हती. आराखडा कागदावर होता, आणि बेटावरच्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

सोरेन हर्मनसेन हा बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पेशानं शिक्षक. तो लोकांशी बोलत राहिला. हवामान बदलावर प्रवचन देण्यापेक्षा गवंडी, प्लंबर, शेतकरी यांना काम आणि उत्पन्न कसं मिळेल, इथून तो सुरुवात करी. 2000 सालापर्यंत जमिनीवर एक मेगावॉटच्या 11 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नऊ शेतकऱ्यांच्या, दोन सहकारी मंडळांच्या. नंतर समुद्रात दहा मोठ्या पवनचक्क्या आल्या, त्यांतल्या पाच तिथल्या नगरपालिकेनं घेतल्या. गव्हाचा पेंढा जाळून गरम केलेलं पाणी नळांनी घराघरात पोचवायची केंद्रंही उभी राहिली. पेंढा बेटावरचाच, त्यामुळे तेलाला जाणारा पैसा शेतकऱ्याच्या हातात राहू लागला. दहा वर्षांत बेट जेवढी वीज वापरत होतं, त्याहून जास्त बाहेर पाठवू लागलं.

मालक बदलला, आणि

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान जाहिरात होईल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वीजबाजार खुला झाला. आसपास राहण्याची अट गेली. पवनचक्क्या मोठ्या आणि महाग होत गेल्या, आणि मंडळांच्या जागी कंपन्या व दूरचे गुंतवणूकदार आले. 2001 नंतर सरकारी आधारही आटला. जमिनीवर नव्या पवनचक्क्या उभारणं काही वर्षं जवळपास थांबलं, आणि जिथं प्रकल्प पुढे आले तिथं शेजाऱ्यांचा विरोध वाढला. पात्यांचा आवाज, हलत्या सावल्या, घराची उतरलेली किंमत, या तक्रारी पुढे आल्या. ज्या देशात सुतारांनी पवनचक्क्या केल्या, त्या देशात हे झालं.

शेवटी 2008 मध्ये कायदा करावा लागला. नव्या पवनचक्कीचे किमान 20 टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचे, आणि घराची किंमत उतरली तर भरपाई द्यायची. पण पूर्वी प्रकल्प शेजाऱ्यांनी मिळून काढलेला असायचा. आता तो आधीच ठरलेला असायचा, आणि भाग मागाहून विक्रीला यायचे. 2020 मध्ये ही भागांची सक्ती रद्द झाली आणि तिच्या जागी शेजाऱ्यांना ठरावीक वार्षिक रक्कम आली. आज डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून येते. देशाचं काम झालं, पण शेजारी मात्र मालकाचा लाभार्थी झाला.

आपल्याकडे

हे सगळं आपण का बघितलं? कारण भागभांडवल ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज बरेच साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करून विकतात. म्हणजे ऊस घालणारा सभासद एका अर्थानं विजेचाही भागीदार असतो. आणि सभासद वार्षिक सभेला जायचे थांबले, हिशेब विचारायचे थांबले की सहकाराचं काय होतं, हेही आपल्याला कुणी सांगायला नको. भाग कागदावर असून पुरत नाही.

पण वारा आपण या वाटेनं उभारला नाही. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या येऊ लागल्या, त्या वेळी मुख्य प्रोत्साहन होतं घसाऱ्याचं. यंत्राच्या किमतीचा फार मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवता यायचा. ही सवलत कुणाच्या उपयोगाची? ज्याचा नफा मोठा आणि कर मोठा, त्याच्या. पठारावरच्या नाचणी-वरी पिकवणाऱ्याला तिचा काय उपयोग? डेन्मार्कनं अट घातली होती की मालक जवळचा हवा. आपली सवलतच अशी होती की मालक दूरचा असणार.

त्याच पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे. शंभराच्या आसपास घरांचं हे छोटं गाव 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. घराच्या छपरावर पॅनल, वीज त्याच घरात. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावचे शेतकरी याच्याही पुढे गेले. 2016 मध्ये सहा जणांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालवून उरलेली वीज ते जाळ्याला विकू लागले. वीज विकली जाते म्हटल्यावर पाणी विनाकारण उपसायचं कारण राहिलं नाही. भूजल वाचवण्याचं आवाहन न करताही उपसा आवरायला एक कारण मिळालं.

आता महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे. उद्देश चांगला आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री दारं धरायला जायला लागू नये. ज्यानं विंचू-साप आणि बिबट्याच्या धास्तीनं पाण्याची बारी दिली आहे, त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगायला नको. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान. पण बरेच प्रकल्प गायरानावर येतात. गायरानाचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नसतो, आणि तिथं शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन माणसाला भाडं मिळत नाही. प्रकल्प पंचवीस वर्षांचा, अनुदान तीन वर्षांचं. चौथ्या वर्षी गावाचं त्या पॅनलशी नातं काय असेल?

म्हणून गावात प्रकल्प आला तर ग्रामसभेत ‘हवा की नको’ यावर हात वर करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात असं आम्हांला वाटतं. पहिली, पंचवीस वर्षांच्या उत्पन्नात गावाचा वाटा आहे का, की एकदाची रक्कम आहे? दुसरी, जागा आणि आराखडा गावाच्या म्हणण्यानुसार बदलू शकतो का, की सभा फक्त ठरावापुरती आहे? तिसरी, आज त्या जमिनीवर कोण जगतं, आणि त्याची सोय काय? चौथी, देखभालीचं काम गावातली मुलं शिकतील का?

ही उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला तीन वर्षांनी साक्षीदार सापडत नाही. आणि उत्तरं समाधानकारक असतील, तर पाठिंबा मागायला कुणाला गावात यावं लागणार नाही. गावच पुढच्या पॅनलसाठी जागा दाखवेल.

आज इथं थांबू. पुढच्या व्याख्यानात आपण छतावरच्या सौर पॅनलचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी मांडणार आहोत. घरातलं वर्षभराचं वीजबिल जवळ ठेवा.