कॅल्शियम १४, पण पीटीएच कमी? किडनीला नक्की कोणाचा मेसेज येत होता

आजचा एपिसोड जरा घरचाच आहे. काकांच्या जबड्याच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती. एप्रिल महिना. ते सारखं पाणी मागायचे, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचे, पोट साफ होत नव्हतं. एक दिवस त्यांनी मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हटलं, ऊन आहे, वय आहे, केमो आहे. काकू रोज ताक देत होती. आठ दिवस असेच गेले आणि मग रिपोर्ट आला: कॅल्शियम १४.२. नॉर्मल साधारण ८.५ ते १०.५. त्याच दिवशी ॲडमिट केलं.

पुढच्या रिपोर्टात पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन, एकदम कमी. मला वाटलं लॅबचा घोळ आहे. कारण कॅल्शियम वाढवतं तेच ना?

तर मुळातून बघू. गळ्यात थायरॉईडच्या मागे चार बारक्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात. ते हाडांना सांगतं, कॅल्शियम सोडा. किडनीला सांगतं, कॅल्शियम धरून ठेव, फॉस्फेट बाहेर टाक. किडनीच्या पेशीवर याचा रिसेप्टर असतो. हार्मोन तिथे बसलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि त्यातला काही लघवीत उतरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा किडनीचा सर्व्हर लॉग. मेसेज पोचला की नाही, ते लघवीत दिसतं.

१९४१ साली बॉस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी एका कॅन्सर पेशंटचं कॅल्शियम जास्त, पण फॉस्फेट कमी पाहिलं. नुसतं हाड झिजत असतं तर फॉस्फेट कमी व्हायला नको होतं. त्यांनी अंदाज बांधला की गाठच पीटीएचसारखं काहीतरी बनवत असावी. मग कित्येक वर्षं लोक गाठींमध्ये पीटीएचच शोधत बसले. १९८० मध्ये अँड्र्यू स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी अशा पेशंटांच्या किडनीचा लॉग वाचला. बऱ्याच जणांत सायक्लिक एएमपी वाढलेलं, आणि रक्तात पीटीएच मात्र कमी! किडनी म्हणते मेसेज आला, रक्त म्हणतं कोणी पाठवलाच नाही.

पाठवणारा सापडला १९८७ मध्ये: पीटीएचआरपी. याच्या पहिल्या १३ अमिनो ॲसिडपैकी ८ पीटीएचसारखीच. दोघांसाठी रिसेप्टरही एकच, आणि तो मुख्यतः सुरुवातीचा भाग बघून दार उघडतो. डुप्लिकेट टोकन चालून गेलं, एवढंच. फरक असा की कॅल्शियम वाढलं की ग्रंथी गप्प बसतात, गाठ बसत नाही. म्हणजे काकांचा पीटीएच कमी होता कारण त्यांच्या ग्रंथी बरोबर काम करत होत्या. घोळ लॅबचा नव्हता, माझा होता. (सगळ्या कॅन्सरमध्ये असं नसतं हं. मायलोमात पेशी हाडातच बसून हाड पोखरतात.)

आता तहानेचं. कॅल्शियम फार वाढलं की किडनीला पाणी राखता येत नाही, लघवी खूप होते, शरीर सुकतं. सुकलेल्या शरीरात किडनी कमी गाळते, मग कॅल्शियम आणखी साचतं. म्हणून आधी सलाईन, मग हाडांची झीज रोखायला झोलेड्रोनिक ॲसिड. त्याला दोन-चार दिवस लागतात.

अजून एक. कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिनही बघा. पेशंट खंगलेला असला की अल्ब्युमिन उतरतं आणि कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके ग्रॅम, तितके गुणिले ०.८ मिळवायचे. काकांचं २.९ होतं, म्हणजे खरा आकडा १५ च्या पुढे. तहान, बद्धकोष्ठता, गोंधळ हे कॅन्सर पेशंटमध्ये एकत्र दिसलं, तर उन्हावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कॅल्शियमचं विचारा.

पाचव्या दिवशी काकांनी मला माझ्या नावाने हाक मारली. काकूने मला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन हळूच विचारलं, "माझ्या ताकामुळे झालं का रे?" नाही काकू. ते कॅल्शियम त्यांच्याच हाडांतलं होतं.