जुन्या गाडीच्या टाकीतला गंज: आधी ग्राहकाशी बोला, मग नट खोला



"गाडी चालू होते, दोन किलोमीटर जाते, आचके देते आणि बंद पडते. थोडं थांबलं की परत चालू!" जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर घेऊन कोणी ही तक्रार सांगितली, की आधी पेट्रोलचा फिल्टर काढून बघा. आत तांबूस भुकटी सापडली, तर नुसता कार्ब्युरेटर साफ करून गाडी परत देऊ नका. दुखणं टाकीत असण्याची शक्यता जास्त. गाडी धावताना गंजाचा गाळ पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जमतो. गाडी थांबली की तो खाली बसतो, म्हणून ती परत चालू होते.

हे काम येतं कुठून?

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पण शौकिनांनी या गाड्या घरी जपून ठेवल्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, मात्र ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर निघते.

म्हणजे गाडी उभी जास्त, धावते कमी. अर्धी टाकी रिकामी असली की त्या जागेतल्या हवेतला ओलावा रात्री गार पत्र्यावर पाणी होऊन साचतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी जातं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाला बसतात. गंज तिथूनच सुरू होतो.

काम कसं चालतं?

पहिला नियम सुरक्षिततेचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून बॅटरीची वायर काढा, काम मोकळ्या हवेत करा, जवळ ग्राइंडर, बिडी, वेल्डिंग काहीही नको.

१. पेट्रोल उपसून टाकी उतरवा. काट्याचा फ्लोट बाहेर काढा.

२. साबणाच्या गरम पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. तेलकट थर राहिला तर पुढचं द्रावण गंजापर्यंत पोचत नाही.

३. सुटा गंज पाडायला आत साखळी टाकून टाकी हलवा. मूठभर नट टाकत असाल तर आधी मोजा आणि बाहेर काढतानाही मोजा.

४. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम घ्या. ४० लिटरच्या टाकीला २ किलो लागेल. साधारण एक दिवस ठेवा, पण मध्ये मध्ये बघत राहा. तोंड घट्ट बंद करू नका, वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. संडास साफ करायचं स्वस्त ॲसिड वापरू नका, ते चांगला पत्राही खातं.

५. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेच्या ब्लोअरने सुकवा. उघडा ओला पत्रा बघता बघता परत तांबूस होतो.

६. टाकी बसवताना नवा फिल्टर टाका. रबरी नळ्या कडक झाल्या असतील तर त्याही बदला.

उपसलेलं पेट्रोल आणि वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका. घातक कचरा नेणाऱ्या परवानाधारकाची सोय आधीच करून ठेवा.

खरी परीक्षा इथे आहे

गंज काढला आणि टाकी गळायला लागली! ग्राहक म्हणणार, "दादा, आणली तेव्हा तर गळत नव्हती." बरोबर आहे त्यांचं. कारण भोक तेव्हाही होतं, फक्त गंजानेच ते बुजवलेलं होतं. पण हे तुम्ही नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. आधी सांगितलं तर तोच तुमचा अनुभव ठरतो. नव्या गॅरेजचं नाव अशाच एका वाक्यावर टिकतं किंवा जातं.

म्हणून नट खोलण्याआधी जॉब कार्डवर तीन टप्पे लिहा आणि सही घ्या:

- पहिला टप्पा: टाकी उतरवणं, आत टॉर्च टाकून तपासणी, फोटो. याचे पैसे वेगळे, पुढचं काम झालं नाही तरी.
- दुसरा टप्पा: साफसफाई. 'आतली भोकं उघडी पडू शकतात' हे वाक्य स्पष्ट मराठीत.
- तिसरा टप्पा: भोकं निघाली तर जोडकाम, आतून कोटिंग किंवा दुसरी टाकी. दर तेव्हा ठरेल, ग्राहकाला विचारल्याशिवाय काम नाही.

जोडकाम टाक्यांचं काम जाणणाऱ्या कारागिराकडेच द्या. आणि ग्राहकाने आग्रह केला तरी गंजावरच कोटिंग मारू नका. ते सुटतं, त्याचे पापुद्रे नळीत अडकतात आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट होऊन परत येते.

दर काढताना जागा विसरू नका

लिंबूसत्त्व आणि सोडा हा किरकोळ खर्च. खरा खर्च वेळेचा आणि जागेचा. समजा गॅरेजचं भाडं महिना १५,००० रुपये, म्हणजे दिवसाचे ५००. दोन गाड्या मावत असतील तर एका गाडीचे दिवसाला २५०. ही गाडी चार दिवस उभी राहिली, तर १,००० रुपये नुसत्या जागेचे झाले. त्यावर मजुरी, सामान, कचऱ्याची विल्हेवाट आणि मग तुमचा नफा.

सुरुवात करायची असेल तर भंगारवाल्याकडून एक गंजलेली टाकी आणा आणि वरचे सगळे नियम पाळून तिच्यावर हात बसवा. प्रत्येक टप्प्याला किती तास लागले ते वहीत लिहा. पहिल्या ग्राहकाला दर सांगताना तीच वही उघडा.