कोड, जोडीदार आणि खरं बोलणं

उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, डागांवर मेकअपचा थर, दिवा मालवण्याचा आग्रह. अंगावर कोड असलेली अनेक माणसं जोडीदारापासून डाग लपवण्यासाठी अशा युक्त्या करत राहतात. मनात भीती एकच असते, कळल्यावर नजर बदलेल का?

जगात साधारण शंभरात एकाला कोड असतं. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि तेवढी त्वचा पांढरी पडते. स्पर्शाने, उष्ट्याने किंवा शरीरसंबंधांतून कोड पसरत नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने गैरसमज वाढवला. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणाला कोड नसतं.

लपवण्याची किंमत उपचारांनाही मोजावी लागते. मलम नियमित लावायचं असतं. अतिनील किरणांचे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावे लागतात. घरच्या माणसाच्या नकळत हे जमवताना खाडे होतात. डाग नवे असताना उपचार सुरू झाले, तर रंग परतण्याची शक्यता अधिक असते. चेहऱ्यावरचे डाग चांगला प्रतिसाद देतात, बोटांच्या टोकांवरचे चिवट असतात.

सांगायचं कधी? पहिल्याच भेटीत सांगायला हवं असं नाही. पण लग्नाचा विचार सुरू झाला, की उशीर नको. शांत वेळी, माफी मागितल्यासारखं न करता सांगावं: हे कोड आहे, संसर्गजन्य नाही, उपचार सुरू आहेत.

ऐकणाऱ्यानेही खरं बोलावं. ‘मला तर डाग दिसतच नाहीत’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी पटत नाही. ‘दिसतात, आणि त्याने माझ्या मनात काही बदलत नाही’ यावर विश्वास बसतो. रोज डाग मोजणं, ऐकीव लेप सुचवणं टाळावं. मनात शंका असतील, तर दोघांनी मिळून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ च्या चित्रपटातल्या तरुण डॉक्टरला कोड असतं. कसोटी लागते, ती तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेची.

आरसा टाळणं, जवळीक नकोशी होणं, सततची उदासी असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. उपचारात त्वचेइतकीच मनाचीही काळजी घ्यावी लागते.