जोशी गेली, देशमुख आली

लग्नाची रजा संपवून खरेदी विभागातली मुलगी सोमवारी कामावर आली आणि तासाभरात माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "सर, माझे चार वर्षांचे मेल कुठे गेले?"

२००४ सालची गोष्ट. मी एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायचो. तिथे माणसांच्या दोन याद्या होत्या. एक नेटवर्कच्या सर्व्हरवर: लॉगिन, प्रिंटर, फोल्डर कुणाला द्यायचे ते ठरवणारी. दुसरी मेलच्या सर्व्हरवर. अशा यादीला म्हणतात डिरेक्टरी. तिच्याशी बोलण्याची सर्वमान्य भाषा, एलडॅप, मिशिगन विद्यापीठात १९९३च्या सुमारास तयार झाली. पण भाषा एक असली म्हणून याद्या आपोआप जुळत नाहीत. त्या जुळवायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो रोज रात्री चालायचा. पहिल्या यादीत नवं नाव दिसलं की मेलबॉक्स उघडायचा, नाव गायब झालं की पुसायचा.

घोळ तिथेच होता. मी माणूस ओळखत होतो नावावरून. त्या मुलीच्या अर्जाप्रमाणे आडनाव बदललं, आणि प्रोग्रॅमच्या लेखी जोशी नोकरी सोडून गेली, देशमुख नव्याने लागली. त्याने इमानेइतबारे जुना मेलबॉक्स पुसला आणि नवा, कोरा उघडून दिला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

बॅकअपच्या टेपवरून मेल परत आणायला संध्याकाळ झाली. मग दोन्ही याद्यांत एक रकाना वाढवला: कर्मचारी क्रमांक. जुळणी फक्त त्यावरून.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही प्रत्येक खात्याला १२८ बिटांची स्वतंत्र ओळख मिळते. नाव बदला, विभाग बदला, ती तीच राहते. कंपनीतली यादी क्लाउडवरच्या यादीशी जुळवणारं त्यांचं साधन आज दर ३० मिनिटांनी चालतं, तेही अशाच न बदलणाऱ्या खुणेवर. शिवाय क्लाउडवर पुसलेलं खातं ३० दिवसांच्या आत परत आणता येतं. तेव्हा माझ्याकडे टेप होती, एवढंच नशीब.

दोनेक वर्षांनी त्या मुलीचा पुन्हा अर्ज आला: आडनाव परत जोशी करावं. कारण मी विचारलं नाही. रात्री प्रोग्रॅम चालला. सकाळी फोनजवळ बसून होतो. तो वाजला नाही.