मार्गदर्शक सूची, संकेतस्थळावरील

संकेतस्थळाच्या एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे जाण्यासाठी वापरकर्त्यापुढे मांडलेली दुव्यांची क्रमबद्ध यादी म्हणजे मार्गदर्शक सूची होय. व्यवहारात तिला ‘मेनू’ म्हणतात. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेशी तिचे साम्य आहे. तथापि अनुक्रमणिका ग्रंथात एकदाच येते, तर ही सूची प्रत्येक पृष्ठाबरोबर असते आणि पृष्ठ, वापरकर्ता व भाषा यांनुसार बदलू शकते. तिचा कोणता भाग बदलावा व कोणता स्थिर ठेवावा, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

इतिहास : पडद्यावरील यादीतून आज्ञा निवडण्याची पद्धत जागतिक जालाहून जुनी आहे. ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे खाली उलगडणारी सूची सर्वपरिचित झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक जालाची कल्पना मांडली. आरंभीच्या संकेतस्थळांचे प्रत्येक पृष्ठ स्वतंत्रपणे लिहिले जाई. त्यामुळे सूचीत एक नोंद वाढवायची झाल्यास सर्व पृष्ठे दुरुस्त करावी लागत, आणि एखादे पृष्ठ राहून गेल्यास तेथून नव्या विभागाकडे जाण्याची वाट उरत नसे. मजकूर व मांडणी वेगवेगळी ठेवणाऱ्या प्रणालींमुळे ही अडचण दूर झाली. वर्डप्रेस या प्रणालीच्या २०१० मधील ३·० या आवृत्तीपासून व्यवस्थापकास आज्ञावली न लिहिता सूची रचता येऊ लागली.

रचना : घटकाधिष्ठित वेब अनुप्रयोगात दाखले, कर, तक्रारी यांसारखी कामे स्वतंत्र घटकांकडे सोपविलेली असतात. प्रत्येक घटक आपल्या नोंदी स्वतः जाहीर करतो. नोंदीत तिचे नाव, पृष्ठाचा पत्ता, वरच्या पातळीवरील नोंद, क्रम व ती पाहण्याचा अधिकार यांचा उल्लेख असतो. अनुप्रयोगाचा मध्यवर्ती भाग या नोंदी एकत्र करून सूची तयार करतो. द्रुपल प्रणालीच्या आठव्या आवृत्तीत (२०१५) अशा नोंदी प्रत्येक घटकाच्या स्वतंत्र फाइलीत असतात. घटक काढून टाकला की त्याच्या नोंदीही सूचीतून नाहीशा होतात. इतर पृष्ठांना हात लावावा लागत नाही.

सूचीचे सामान्यतः तीन स्तर मानले जातात : सर्व पृष्ठांवर सारखी राहणारी मुख्य सूची, त्या त्या विभागापुरती स्थानिक सूची आणि वापरकर्ता कोठे आहे हे दाखविणारा मार्गपट्टा. पृष्ठानुसार बदल दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांवर करणे इष्ट असते. मुख्य सूचीचा क्रम पृष्ठागणिक बदलल्यास वापरकर्त्याचा दिशाबोध नाहीसा होतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या अंध वापरकर्त्यास ही अडचण विशेष जाणवते. अनेक पृष्ठांवर पुन्हा येणाऱ्या सूचीचा सापेक्ष क्रम एकच असावा, असा निकष जागतिक जालसंघाने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

उदाहरण : रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी या किनारी गावच्या खातेदारास सातबारा उतारा पहावयाचा आहे, असे समजू. राज्यातील गावांची संख्या चाळीस हजारांहून अधिक असल्याने सर्व गावांची एकच यादी निरुपयोगी ठरेल. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव अशी क्रमाने निवड करावी लागते. रत्नागिरी निवडल्यावर त्या जिल्ह्याचे ९ तालुके आणि दापोली निवडल्यावर त्या तालुक्यातील गावेच पुढे येतात. आधीच्या निवडीनुसार पुढील यादी आकुंचित करणे, हे स्थानिक सूचीचे तत्त्व येथे दिसते.

नोंदींच्या नावांनाही तितकेच महत्त्व आहे. केवळ माहितीसाठी पाहता येणारा उतारा आणि २०१८ पासून उपलब्ध झालेला, कायदेशीर कामास चालणारा अंकीय स्वाक्षरीचा उतारा या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूचीत दोहोंचे नाव एकच ठेवल्यास खातेदार कर्जाच्या अर्जाला निरुपयोगी प्रत जोडण्याचा संभव असतो. तसेच ‘अधिकार अभिलेख’ या शासकीय संज्ञेपेक्षा ‘सातबारा’ हा रूढ शब्द ग्रामीण वापरकर्त्यास लवकर ओळखू येतो. द्वैभाषिक संकेतस्थळावर भाषा बदलल्यानंतर वापरकर्ता मुखपृष्ठावर न जाता त्याच पृष्ठावर राहावा, हेही आवश्यक आहे.

अधिकार व मर्यादा : वापरकर्त्याच्या अधिकारानुसार नोंदी दाखविणे वा लपविणे शक्य असते. उदा., फेरफार नोंदविण्याचा दुवा ग्राम महसूल अधिकाऱ्यास (२०२४ पूर्वीचे पदनाम तलाठी) व तो प्रमाणित करण्याचा दुवा मंडळ अधिकाऱ्यास दाखविता येईल. परंतु दुवा लपविणे म्हणजे पृष्ठ सुरक्षित करणे नव्हे. पृष्ठाचा पत्ता ठाऊक असलेली व्यक्ती सूचीवाचूनही तेथे पोहोचू शकते; म्हणून अधिकाराची तपासणी प्रत्येक पृष्ठाच्या ठिकाणी, सेवासंगणकावर करावी लागते. तयार झालेली सूची वेगासाठी साठवून ठेवतानाही ती अधिकार व भाषेनुसार वेगळी साठवावी लागते. तसे न केल्यास अधिकाऱ्यासाठी रचलेली सूची सामान्य नागरिकापुढे येते, किंवा नागरिकास हवा असलेला दुवा त्याला दिसतच नाही.